छपन्न अंश, तीस मिनिटं

रोममध्ये कुणीतरी लिहिलं.
समोर पाण्याच्या बाटल्या, देशांच्या नावांच्या पाट्या,
कानात दुभाष्याचा आवाज:
लाकडाच्या गाभ्यात छपन्न अंश,
सलग तीस मिनिटं.
मग सगळे जेवायला उठले असतील.

ते वाक्य चिलीत, मुल्चेनच्या बाहेर
आमच्या शेडपर्यंत पोचलं, तेव्हा त्याला
भट्टी लागली, डिझेल लागलं,
पाइनच्या फळीला बारीक भोक पाडायला ड्रिल लागला,
आणि त्या भोकातून तापमापकाची तार
अगदी गाभ्यापर्यंत सरकवायला
नोल्फा बारिया लागली.
डाव्या हाताला साडेतीन बोटं. उरलेलं दीड करवतीकडे.

सरकारी माणूस वर्षातून दोनदा येतो,
वही चाळतो, कॉफी पितो, आमच्या कुत्र्याला घाबरतो.
उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस
सरकार म्हणजे मी.
करार म्हणजे मी.
समुद्रापलीकडची सगळी जंगलं
माझ्या टेबलाच्या खणात, त्या लोखंडी शिक्क्यापाशी:
गव्हाचं एक कणीस, देशाची अक्षरं, आमचा नंबर,
आणि आम्ही हे तापवलंय याची ग्वाही.

तापलेला शिक्का लाकडावर टेकला की चर्र होतं.
रॉटरडॅमचा गोदामवाला ते कणीस बघतो
आणि पुढचं काही बघत नाही.
त्याचं हे न बघणं
आम्ही पॅलेटबरोबर विकतो.

चार वर्षांपूर्वीचा डिसेंबर. ब्लूबेरीचा हंगाम.
बाविसाव्या मिनिटाला वीज गेली.
आली तोवर गाभा एकोणपन्नासवर.
दारात वाल्देमारचा ट्रक, इंजिन चालू.
पॅकिंगवाल्यांचा फोन: बाई, फळ थांबत नाही,
जहाज तर मुळीच नाही.
नोल्फा म्हणाली, पुन्हा शून्यापासून.
मी म्हटलं, बावीस झाली होती ना?
ती काही बोलली नाही.
हातमोजे काढले, एकावर एक ठेवले,
आणि बाहेर जाऊन कुत्र्याला पाव घालत बसली.

मग शिक्का मी मारला.
एकशे ऐंशी पॅलेट, दोन-दोन बाजू.
वहीत तीस लिहिलं. शून्य छान गोल काढला.

आणि काहीच झालं नाही.

ना पत्र, ना दंड, ना कंटेनर परत.
फळं खाल्ली गेली. पॅलेटचं कुणी परसात बाक केलं असेल,
त्यावर एखादी म्हातारी उन्हाला बसत असेल,
मागे तिची झाडं.
सालीखाली एखादी अळी होती की नव्हती,
जगात कुणालाच ठाऊक नाही.
लाकडातला भुंगा कुठे गेला ते मला माहीत नाही;
डोक्याला लागलेला मात्र इथेच आहे,
रात्री दोनला कुरतडतो,
आणि त्याच्यासाठी कुठली भट्टी नाही.

पुढच्या सोमवारी खणाची किल्ली
मी नोल्फाच्या कपाटात ठेवली. तिने का विचारलं नाही.
माफ केलं म्हणावं, तर तसंही काही दिसलं नाही.
किल्ली शर्टाच्या खिशात टाकून ती डिझेल मोजायला गेली.

परवा पुन्हा वीज गेली. सव्विसाव्या मिनिटाला.
चार मिनिटं! मी हिशेब केलाच. मालकाला तो करावाच लागतो:
ट्रकचं थांबणं, नव्याने डिझेल,
आणि हे गिऱ्हाईक आता लाहाच्या पोब्लेतेकडे जाणार,
त्याची भट्टी, म्हणे, कधीच अडत नाही.
वाल्देमारने माझ्या दिवंगत आईचं नाव घेऊन शिवी घातली.

नोल्फाने घड्याळाचा काटा मागे नेला.
मी खुर्ची आणली, भट्टीच्या दाराशी बसले,
आणि रोममधल्या त्या खोलीचा विचार करत राहिले.
अंश शास्त्रज्ञांनी सांगितले असतील, मिनिटंही.
पण 'सलग' हा शब्द?
तो लिहिणाऱ्याच्या दारात
कधीतरी एखादा ट्रक
इंजिन चालू ठेवून उभा राहिला असणार.